पगारी पीएचडी आणि घोडेगावचा कांदा

दर सहा-आठ महिन्यांनी कुणीतरी विद्यार्थी माझ्यापुढे मोबाइल धरतो. नॉर्वेतल्या नाहीतर नेदरलँड्समधल्या एखाद्या विद्यापीठाची जाहिरात असते. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएचडीची जागा, मुदत चार वर्षं, पगार अमुक, सुट्ट्या तमुक. आणि मग ठरलेला प्रश्न येतो. "सर, हे खरं असतं का? म्हणजे शिकायचं आपण आणि पैसे ते देणार?"

खरं असतं. त्याला संशय येतो यात त्याची चूक नाही. प्रवेशापासून नोकरीला चिकटेपर्यंत प्रत्येक पायरीवर पैसे मोजायचे, हेच आपल्याकडे पोरांनी पाहिलेलं असतं. उलट दिशेने पैसे येतात म्हटल्यावर आधी फसवणूकच आठवते. म्हणून हा लेख अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अशा वाचकांसाठी आहे, ज्यांनी राज्यशास्त्रात किंवा जवळच्या विषयात एमए केलंय किंवा करतायत, ज्यांना जगाच्या राजकारणावर संशोधन करायचंय आणि ज्यांच्या घरी त्यासाठी पैसे नाहीत.

दुसऱ्याच्या पैशांवर शिकण्याच्या या व्यवहाराचं मराठी माणसाला सर्वांत जास्त ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी, असा करार होता. कोलंबियाचा अभ्यास करून ते १९१६ मध्ये लंडनला पोचले, तिथे दुसरा प्रबंध हातात घेतला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली काम अर्धवट टाकून परतावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला कुणी जागा देईना. लंडनला पुन्हा जायला १९२० उजाडलं, तेही स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये असं जमवून. रुपयाच्या प्रश्नावरची डीएस्सी मिळाली १९२३ मध्ये.

ही गोष्ट स्फूर्ती म्हणून सांगायची पद्धत आहे. मी ती हिशेब म्हणून सांगतो. पैसे कुणाचे, किती दिवसांचे आणि कशाच्या बदल्यात? कुठलीही 'फुल्ली फंडेड' जागा दिसली की हे तीन प्रश्न आधी विचारायचे. बाकी सगळं नंतर.

आधी देशातलं बघू, कारण बहुतेकांचा रस्ता तिकडूनच जातो.

आपल्याकडे पगारी पीएचडीचं सर्वांत भरवशाचं नाव म्हणजे जेआरएफ. नेट परीक्षेत वरच्या गुणांनी आलात तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षं दरमहा ४२,०००. पाच वर्षांची बेरीज करा, बरोबर २४ लाख होते. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा, पुस्तकं-प्रवासाचा आकस्मिक खर्च वेगळा. मी ही बेरीज मुद्दाम पालकांसमोर फळ्यावर करून दाखवतो. 'पोरगं अजून शिकतंयच' हे वाक्य त्यानंतर जरा कमी ऐकू येतं.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ, सहायक प्राध्यापकाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश असं सगळं मिळतं. दुसऱ्याला पात्रता आणि पीएचडी प्रवेश, तिसऱ्याला फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटाची प्रवेशाची यादी नेटचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के धरून लागते आणि ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणजे निकालाचा कागद कपाटात ठेवून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्याचे गुण वाया गेले. जेआरएफला वयाची अट आहे, खुल्या गटाला ३० वर्षं. महिला आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. परीक्षेत उणे गुण नाहीत, तेव्हा दीडशेपैकी एकही प्रश्न कोरा सोडू नका. हे सांगावं लागतं, कारण पोरं सोडतात.

विषय निवडताना एक बारकावा आहे. नेटच्या यादीत राज्यशास्त्र वेगळं, संरक्षण व सामरिक अभ्यास वेगळा आणि आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अभ्यास वेगळा. शेवटच्या विषयाला बसणारे थोडे, म्हणून तो सोपा, असा एक समज आहे. बसणारे थोडे तशा जागाही थोड्याच. माझं मत असं की पुढे महाराष्ट्रातल्याच महाविद्यालयात शिकवायचं मनात असेल तर राज्यशास्त्रातून नेट द्यावी. आपल्याकडच्या प्राध्यापकपदाच्या जाहिराती राज्यशास्त्राच्या निघतात, आंतरराष्ट्रीय संबंधांच्या नव्हे. दिल्लीलाच जायचं असेल तर दुसरा विचार करता येईल.

दिल्ली म्हणजे मुख्यतः जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज. ही संस्था १९५५ साली स्वतंत्रपणे सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत विलीन झाली. देशातला हा विषय बऱ्याच अंशी तिथेच घडला. दिल्लीतच सार्क देशांनी काढलेलं साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे. तिथे शेजारच्या वर्गमित्राच्या तोंडून नेपाळची किंवा बांगलादेशची बाजू ऐकायला मिळते, आणि ते पुस्तकातून मिळत नाही. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय संबंध विभाग जुना आणि नावाजलेला. आपल्या पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाखेरीज संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. आपला जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो, आणि या दुसऱ्या विभागाचं नाव नगरच्या किती पोरांना माहीत असतं? तेही रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र गावात असताना!

पुण्यात अडतं ते गाइडपाशी. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. म्हणून अर्ज भरण्याआधी 'गाइडकडे जागा आहे का' हे जाऊन विचारा. फोनवर नव्हे, पुण्याची एसटी धरून. याच नियमांत आणखी एक सोय झाली आहे. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही सक्ती आता नाही. तरीही 'दोन हजारांत आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर' असे मेसेज फिरतातच. त्या पेपराने परदेशातल्या निवड समितीसमोर तुमचं नुकसानच होतं. जाणकार माणूस जर्नलचं नाव पाहूनच पान उलटतो.

जेआरएफ नाही मिळालं तर? राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. तिघांच्याही पीएचडी फेलोशिप आहेत. केंद्राच्याही अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहेत. एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई-जोतीराव फुले यांच्या नावाची फेलोशिप आहे; ती आपल्याकडच्या अनेक घरांना लागू पडते आणि माहीत कुणालाच नसते. मात्र राज्याच्या फेलोशिपसाठी पोरांना उपोषणाला बसावं लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. जागा किती, रक्कम कुठल्या तारखेपासून लागू, हे दरवेळी बदलतं. तेव्हा पहिलं वर्ष हातात पैसा येणार नाही असं धरूनच घरचा हिशेब मांडा. आणि फेलोशिप पूर्णवेळ संशोधनासाठी असते. एकीकडे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवायचं आणि दुसरीकडे फेलोशिप उचलायची, हे पुढे वसुलीपर्यंत जातं.

कागदांचं एक सांगतो आणि परदेशाकडे वळतो. केंद्राच्या संस्थेत ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसची सवलत हवी असेल तर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. सेतूतून आणलेलं राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही, आणि हे मुलाखतीच्या आदल्या दिवशी कळतं. तहसीलला अर्ज करताना नमुना छापून सोबत न्या. आधीच्या वर्षाचं ईडब्ल्यूएसही चालत नाही. जात वैधता काढली नसेल तर आजच कामाला लागा.

आता परदेश. इथे 'फंडेड' या एकाच शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी येतात.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स इथे पीएचडीचा विद्यार्थी हा विद्यापीठाचा नोकरदार असतो. करारपत्र, पगार, कर, पेन्शनची वजावट, बाळंतपणाची रजा, सगळं. नॉर्वेत तीन वर्षं. पाव वेळ शिकवण्याचं काम असेल तर चार. स्वीडनमध्ये चार वर्षांचं संशोधन, विभागाचं इतर काम धरून ते पाचापर्यंत जातं. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षं आणि सुरुवातीचा पगार कर कापण्याआधी महिन्याला तीन हजार युरोंच्या आसपास. तिथे बहुधा पहिला करार वर्ष-दीड वर्षाचाच असतो, काम बघून पुढे वाढवतात. आंबेडकरांच्या हिशेबातला दुसरा प्रश्न, पैसे किती दिवसांचे, इथे विचारायचा. या जागांना अर्जाची फी नसते. जर्मनीत जाहिरातीत '६५ टक्के पद' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पगार पासष्ट टक्के. काम किती टक्के ते तिथे गेल्यावर कळतं.

अमेरिकेत प्रकार वेगळा. पाच वर्षं फी माफ, वर विद्यावेतन, आणि बदल्यात पदवीच्या वर्गांना शिकवायचं, पेपर तपासायचे. तिथे नुसत्या पदवीवरही थेट पीएचडीला घेतात. अर्ज बहुतेक डिसेंबरात. मात्र २०२५ मध्ये अनेक अमेरिकी विद्यापीठांनी डॉक्टरेटच्या जागा घटवल्या, त्यामुळे केवळ अमेरिकेवर भिस्त ठेवू नका.

ब्रिटनमध्ये स्टुडंटशिप असते, म्हणजे पगार नव्हे, करमुक्त विद्यावेतन. सरकारी संशोधन परिषदांचा किमान आकडा २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होता, आणि परदेशी विद्यार्थ्यांना त्यातला जास्तीत जास्त ३० टक्के वाटा. खड्डा इथेच आहे. ब्रिटनच्या विद्यापीठाकडून प्रवेशाचं पत्र तुलनेने लवकर येतं. घरात पेढे वाटले जातात, आणि मग लक्षात येतं की पत्रात पैशांचा शब्दच नाही. प्रवेश आणि पैसे या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज काढून एमबीए करा, वाटलं तर मास्टर्स करा. आंतरराष्ट्रीय संबंधांतली पीएचडी कर्ज काढून करू नका. त्या कर्जाचे हप्ते फेडेल असा पगार या विषयात सहसा मिळत नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे आहेत, पण त्यांच्यातल्या कुणाच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा नाही.

चौथा प्रकार म्हणजे पैसे आपल्याकडचे, विद्यापीठ तिकडचं. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे, पीएचडीला वयाची मर्यादा ४०. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या तशा योजना आहेत. जागतिक क्रमवारीत विद्यापीठाचा क्रमांक कितवा, याच्या अटी असतात. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहे. तिच्यात २०२२ पासून एक अट आली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन बाहेर जाता येत नाही. आपल्या विषयाला ही अट सरळ आडवी येऊ शकते, तेव्हा प्रस्तावाचं शीर्षक लिहिण्याआधी ती वाचा. आणि देशातच पीएचडीला नोंदणी झालेल्यांना काही महिने अमेरिकेत काम करायला फुलब्राइट-नेहरू फेलोशिप आहे. ज्यांचं नाव तिला दिलंय त्या नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ साली आपल्याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं, आणि १९४६ मध्ये देशाचं परराष्ट्र खातं हाती घेतलं. मुलाखतीत हे सांगायचा मोह आवरा. निवड समितीने ते आधी ऐकलेलं असतं.

एवढं झालं पैशांचं. खरी अडचण पुढे आहे.

दोन वर्षांपूर्वी नेवासे तालुक्यातला एक विद्यार्थी विषय घेऊन आला. 'भारत-बांगलादेश संबंध : एक चिकित्सक अभ्यास'. असल्या शीर्षकाचे प्रबंध देशातल्या ग्रंथालयांत धूळ खात पडलेत. या शीर्षकात प्रश्नच नाही. पगारी जागा मिळते ती प्रश्नाला. विषय आवडतो म्हणून चार वर्षांचा पगार कोण देईल?

मी त्याला विचारलं, घरी काय पिकतं? कांदा. माल कुठे नेता? घोडेगावला. मग ८ डिसेंबर २०२३ ला काय झालं? पोरगं बोलायला लागलं ते थांबेना. निर्यातबंदीची बातमी आली, लिलाव थांबले, गाड्या रस्त्यावर, वडील गोणीवर बसून राहिले. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं, तेही त्याला तोंडपाठ. म्हटलं, आणि मार्चमध्ये? "मार्चमध्ये काही नाही सर, बंदीच होती. मे महिन्यात उठली."

मार्चमध्ये झालं होतं. बंदी चालू असतानाच सरकारने ६४,४०० टन कांदा बाहेर पाठवायला परवानगी दिली. त्यातला ५०,००० टन बांगलादेशला आणि १४,४०० टन संयुक्त अरब अमिरातीला, तोही एका राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत. तो गप्प झाला. मग स्वतःच म्हणाला, "त्यांनाच का दिला?"

प्रश्न सापडला. बंदी असताना कांदा कुणाला मिळतो, आणि त्यांनाच का? यात परराष्ट्र धोरण आहे, देशातली महागाई आणि निवडणूक आहे, शेजाऱ्याची नाराजी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अशीच अचानक बंदी आली, तेव्हा काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी भर कार्यक्रमात हसत सांगितलं होतं की मी स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलंय, निदान आधी कळवत जा. एका पंतप्रधानाने दुसऱ्या देशाच्या राजधानीत कांद्यावरून चिमटा काढावा, याला आंतरराष्ट्रीय संबंध नाही तर काय म्हणायचं?

पुढचं काम सिद्धान्ताचं. रॉबर्ट पटनम या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ साली एक निबंध लिहिला. त्याचा गाभा असा की देशाचा नेता एकाच वेळी दोन पटांवर खेळत असतो, एक परदेशाशी आणि एक आपल्याच लोकांशी. एका पटावरची चांगली चाल दुसऱ्यावर अंगाशी येऊ शकते. कांद्याला हे चपखल बसतं. मग तुलना हवी, कारण एकट्या कांद्यावरून जगाबद्दल काही म्हणता येत नाही. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि काही देशांना मात्र तो सरकारी पातळीवर दिला. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेल थांबवलं आणि महिन्याभरात माघार घेतली. तिन्ही शेजारी-शेजारी ठेवली की प्रबंधाचा सांगाडा उभा राहतो.

आणि साधनं? विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना, लोकसभेतली प्रश्नोत्तरं, ढाक्याची वर्तमानपत्रं. शिवाय घोडेगाव, लासलगाव आणि मुंबईच्या बंदरावरचे निर्यातदार, ज्यांच्याशी मराठीत बोलावं लागतं. ओस्लोतल्या हुशार विद्यार्थ्याकडे हे शेवटचं साधन नाही, ते या पोराकडे आहे. मराठी ही आपली उणीव आहे असं समजून पोरं ती अर्जात लपवतात. अर्जात भाषांच्या रकान्यात ती सर्वांत वर लिहा.

कांदाच हवा असं नाही. उसाचं घ्या. एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) हा शब्द आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही कळतो. प्रवरेचा सहकारी कारखाना इथलाच. हीच एफआरपी जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेपुढे गेली, हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध तक्रार केली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये पंचमंडळाने निकाल दिला की उसाला दिलेला आधार १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर आहे. भारताने त्याविरुद्ध अपील केलं, ते अशा अपील मंडळाकडे जे न्यायाधीशांअभावी २०१९ च्या डिसेंबरपासून बंद पडलंय. बंद कोर्टात अपील करण्याला काय अर्थ असतो? यावर एक प्रबंध सहज होईल.

कागदपत्रांत रमणाऱ्यांसाठीही नगरमध्ये ऐवज आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना नगरच्या छावणीत डांबून ठेवलं होतं. शत्रुदेशाच्या साध्या नागरिकाला कसं वागवायचं, हा प्रश्न आजही जगापुढे आहे, आणि रेड क्रॉसचं अभिलेखागार जिनिव्हात संशोधकांना खुलं आहे. १८३१ पासून नगरला असलेल्या अमेरिकन मराठी मिशनची मूळ संस्था बोस्टनची. तिची कागदपत्रं हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत. जर्मन शिका, नाहीतर मोडी शिका. दोन्ही येणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तुम्ही झालात तर तुम्हाला जागा शोधावी लागणार नाही.

प्रश्न सापडला की दोन पानी प्रस्ताव लिहायचा. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात यावर आधी कोण काय म्हणालंय, मग तुम्ही काय आणि कसं तपासणार, आणि शेवटी ते इतक्या वर्षांत का पुरं होईल. 'आजच्या जागतिकीकरणाच्या युगात' या शब्दांनी सुरुवात केलीत तर वाचणारा तिथेच थांबतो.

मग प्राध्यापकाला पत्र. आपल्या पोरांची पत्रं मी पाहिलीत. आदरणीय सर, मी अत्यंत मेहनती आणि प्रामाणिक असून आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास आजन्म ऋणी राहीन. हेच पत्र, नाव बदलून, ऐंशी जणांना. त्याऐवजी सात-आठ ओळी पुरतात: तुमचा अन्नधान्याच्या निर्यातबंदीवरचा अमुक लेख वाचला, त्यात तुम्ही किंमतवाढीने बंदी समजावता, पण बंदीतून कुणाला सूट मिळते हे त्याने उलगडत नाही, मी कांदा आणि तांदळावर तेच तपासतोय, या वर्षी तुम्ही नवे विद्यार्थी घेताय का? बस. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. सोबतच्या सीव्हीमध्ये वडिलांचं नाव, जात, उंची, वैवाहिक स्थिती घालू नका. तो लग्नाचा बायोडाटा नाही.

शिफारसपत्रांवर बरेच अर्ज फसतात. आपल्याकडची रीत अशी की सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' तिन्ही पत्रं एकाच भाषेत, एकाच चुकांसह जातात आणि निवड समितीला ते लगेच कळतं. सरांना दोष देण्यापेक्षा त्यांचं काम सोपं करा. एक पान द्या: त्यांच्या कुठल्या पेपरला तुम्हाला किती गुण होते, कुठला प्रकल्प केलात, वर्गात कशावर वाद घातला होतात. पत्र त्यांनी लिहायचं आणि त्यांच्याच ईमेलवरून परस्पर पाठवायचं. महिनाभर आधी सांगा, आदल्या रात्री नव्हे.

परदेशी जागांना लेखनाचा नमुना लागतो. एमएला प्रबंध नसेल तर वीस-पंचवीस पानांचा एक निबंध इंग्रजीत लिहून काढा, आणि तो तीनदा फिरून लिहा. मराठी माध्यमातल्यांना इंग्रजीची भीती असते. त्यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला: आठवड्याला एक शोधनिबंध वाचायचा आणि त्याचं दोनशे शब्दांत सार लिहायचं. वर्षात पन्नास सार होतात, आणि त्यातून प्रस्तावातलं 'आधी कोण काय म्हणालं' आपोआप तयार होतं. आयईएल्ट्ससाठी वेगळा क्लास मग लागतोच असं नाही, पण परीक्षेचे पंधरा-वीस हजार मात्र बाजूला ठेवा, आणि गुण दोनच वर्षं चालतात हे लक्षात घेऊन तारीख निवडा.

वेळेचं गणित साधारण असं बसतं. जून आणि डिसेंबर नेटचे. अमेरिका-ब्रिटनचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी. युरोपातल्या पगारी जागा वर्षभर निघतात आणि युराॲक्सेस या युरोपीय संघाच्या संकेतस्थळावर रोज बघता येतात. नेटचा अभ्यास आणि बाहेरचे अर्ज एकाच वर्षी झेपतात, पण आधीच्या उन्हाळ्यात प्रश्न पक्का झालेला हवा. पहिल्या वर्षी नकार येतील असंच धरा. घोडेगावच्या त्या पोराला पहिल्या वर्षी अकरा नकार आले. दोघांनी कारण कळवलं, दोघांचंही एकच म्हणणं, तुलना कमी पडते. पामतेल त्यानंतर आलं. सध्या तो जेआरएफवर दिल्लीत आहे आणि बंगाली शिकतोय.

जागा मिळाली तर निघण्याआधी दोन महिन्यांचा खर्च हातात ठेवा. पहिला पगार बँकेत खातं उघडल्यावरच येतो, खातं पत्ता नोंदवल्यावर उघडतं, आणि पत्त्यासाठी खोलीचं डिपॉझिट आधी भरावं लागतं. करारपत्राची प्रत घरी कुणाकडे तरी देऊन ठेवा. आणि थंडीचा कोट कापड बाजारातून घेऊन जाऊ नका. तिकडच्या थंडीला तो पुरत नाही, शिवाय वापरलेले चांगले कोट तिकडे स्वस्तात मिळतात.